गार्डन रीच ते ग्रेट निकोबार : बेटांवरचा संयुक्त तळ आणि त्याला तोलून धरणारी जहाजे

कोलकाता : हुगळी नदीच्या पूर्व काठावर, खिदिरपूरच्या गोद्यांच्या पलीकडे गार्डन रीचचा दाट वस्तीचा परिसर लागतो. याच काठावरील 'गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स' अर्थात 'जीआरएसई' या सरकारी गोदीने २०१७ ते २०२१ या काळात एकाच आराखड्याची आठ जहाजे भारतीय नौदलाला दिली. एल-५१ ते एल-५८ असे केवळ क्रमांक असलेली ही जहाजे विनाशिकांसारखी देखणी नाहीत आणि त्यांच्यावर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रेही नाहीत. बूड सपाट, नाळ बोथट आणि वेग बेताचा, असे त्यांचे रूप आहे. तरीही ही आठही जहाजे एकाच कमांडसाठी बांधण्यात आली. तिचे नाव अंदमान व निकोबार कमांड, म्हणजे देशातील पहिली आणि आजवरची एकमेव अशी कमांड, जिथे एका विशिष्ट भूभागावरील लष्कर, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल एकाच सेनानीच्या आदेशाखाली काम करतात.

बेटावरील लष्करी तळ म्हटले की धावपट्टी, रडार आणि धक्क्याला लागलेल्या युद्धनौका डोळ्यांसमोर येतात. पण धावपट्टीसाठी लागणारे सिमेंट, रडारसाठीचे डिझेल, जवानांसाठीचा शिधा आणि वेळ आलीच तर रणगाडा, हे सारे समुद्रातूनच यावे लागते. जिथे धक्का आहे तिथे ते सोपे असते. जिथे धक्का नाही, किंवा असलेला एका लाटेत वाहून गेला आहे, तिथे प्रश्न कठीण होतो. गार्डन रीचची ही आठ जहाजे याच प्रश्नाचे उत्तर म्हणून बांधली गेली.

नकाशावरील जागा

अंदमान आणि निकोबार हा बेटे, लहान द्वीपे आणि खडक मिळून ८३६ भूखंडांचा समूह आहे. त्यांपैकी केवळ ३१ बेटांवर मनुष्यवस्ती आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. भूभाग लहान असला तरी ही बेटे उत्तर-दक्षिण सुमारे पावणेआठशे किलोमीटर पसरलेली आहेत. त्यांच्याभोवतीचे सागरी क्षेत्र भारताच्या एकूण अनन्य आर्थिक क्षेत्राच्या जवळपास ३० टक्के भरते.

राजधानी पोर्ट ब्लेअर, जिचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम करण्यात आले, ती कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणम या तिन्ही बंदरांपासून साधारणतः बाराशे किलोमीटरवर आहे. याउलट ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. म्हणजे देशाच्या या टोकाला स्वतःच्या मुख्य भूमीपेक्षा परदेशाचा किनारा कितीतरी जवळचा आहे.

ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधील सागरी पट्टा 'सिक्स डिग्री चॅनल' या नावाने ओळखला जातो. पश्चिम आशियातून तेल घेऊन मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी बहुतांश जहाजे येथूनच पुढे सरकतात. चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांची मोठी ऊर्जागरज या मार्गावर अवलंबून आहे. अंदमान आणि निकोबार यांना विभागणारा 'टेन डिग्री चॅनल' सुमारे १५० किलोमीटर रुंद आहे. या वाटांवर कोण येते आणि कोण जाते, हे पाहण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा भारताजवळ नाही.

'संयुक्त' या शब्दाचे दोन अर्थ

बेटावरील संयुक्त तळाची जगातील सर्वांत परिचित उदाहरणे प्रशांत महासागरात आहेत. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर हा अमेरिकी नौदलाचा तळ आणि त्याला लागूनच असलेला हिकम हा हवाई दलाचा तळ २०१० मध्ये एकत्र करण्यात आले. ग्वाम बेटावरील नौदल तळ आणि अँडरसन हवाई तळ यांची व्यवस्थाही २००९ मध्ये 'जॉइंट रीजन मारियानाज' या एका छत्राखाली आली. ग्वामचे क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा जागेत पाणीपुरवठा, वीज, रस्ते, अग्निशमन आणि निवासाची कामे दोन दलांनी स्वतंत्रपणे करणे हा उघड अपव्यय होता.

मात्र अमेरिकेतील हे एकत्रीकरण प्रामुख्याने घरव्यवस्थेचे आहे. तळाची देखभाल एका दलाकडे सोपवली जाते. लढाऊ आदेशांची साखळी वेगळी असते आणि ती प्रशांत क्षेत्राच्या एकीकृत कमांडकडून येते. भारताने अंदमानात केलेला प्रयोग याच्या उलट बाजूने सुरू झाला. येथे आधी आदेशाची साखळी एक करण्यात आली आणि गोदामे, वाहने, दुरुस्ती, रुग्णालये यांची सांगड पुढे टप्प्याटप्प्याने घातली जात आहे. तिन्ही दलांसाठी सामाईक पुरवठा पाहणारी जी पहिली तीन केंद्रे देशात उभारण्यात आली, त्यांत मुंबई आणि गुवाहाटी यांच्याबरोबर पोर्ट ब्लेअरचा समावेश होता.

एका बाबतीत मात्र हवाई आणि अंदमान यांच्यात विलक्षण साम्य आहे. हिकमच्या धावपट्ट्या होनोलुलूचा नागरी विमानतळही वापरतो. श्री विजयपुरममध्येही नौदलाच्या 'आयएनएस उत्क्रोश' या हवाई तळाची धावपट्टी आणि वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी एकच आहे. सेल्युलर जेल पाहण्यासाठी महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी ज्या धावपट्टीवर उतरतो, तिच्यावरूनच नौदलाची टेहळणी विमाने उडत असतात.

कारगिलनंतरचा निर्णय

स्वातंत्र्यानंतर बेटांवर नौदलाची उपस्थिती हळूहळू वाढत गेली. पोर्ट ब्लेअर येथे 'आयएनएस जरावा' हे नौदलाचे ठाणे १९६४ मध्ये कार्यान्वित झाले. कार निकोबारवर हवाई दलाचा तळ होता. लष्कराच्याही तुकड्या होत्या. परंतु प्रत्येक दल आपापल्या मुख्य भूमीवरील मुख्यालयाकडे पाहत असे. एका बेटावर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना निर्णयासाठी हजार-बाराशे किलोमीटर पलीकडच्या निरनिराळ्या कार्यालयांची वाट पाहावी लागे.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील पुनरावलोकन समितीने संरक्षण व्यवस्थेतील त्रुटी मांडल्या. त्यानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये ज्या सुधारणा सुचवल्या, त्यांत अंदमान-निकोबारसाठी तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडची शिफारस होती. त्यानुसार ऑक्टोबर २००१ मध्ये ही कमांड अस्तित्वात आली. पुढे नौदलप्रमुख झालेले व्हाइस अॅडमिरल अरुण प्रकाश हे तिचे पहिले कमांडर-इन-चीफ होते.

या पदावर आजवर तिन्ही दलांचे अधिकारी आले आहेत. मूळचे नागपूरचे लेफ्टनंट जनरल मनोज पांडे यांनी २०२० ते २०२१ या काळात या कमांडचे नेतृत्व केले आणि एप्रिल २०२२ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. पायदळ किंवा अभियंता दलातून आलेल्या अधिकाऱ्याने युद्धनौका आणि विमानांना आदेश देणे, तसेच नौदलाच्या अधिकाऱ्याने लष्कराच्या ब्रिगेडची जबाबदारी घेणे, हे अन्यत्र अपवादाने घडणारे दृश्य अंदमानात नित्याचे आहे.

कमांडचे तळ बेटांच्या संपूर्ण लांबीवर विखुरलेले आहेत. उत्तरेला दिगलीपूरजवळील शिबपूर येथे 'आयएनएस कोहासा', मध्यभागी श्री विजयपुरम येथे 'आयएनएस उत्क्रोश', त्याखाली कार निकोबारचा हवाई तळ, कामोर्टावर 'आयएनएस कार्दीप' आणि अगदी दक्षिणेला ग्रेट निकोबारवरील कॅम्पबेल बे येथे 'आयएनएस बाझ'. नौदलाच्या हवाई तळांना पक्ष्यांची नावे देण्याची प्रथा आहे. गोव्यातील 'हंसा' आणि मुंबईतील 'शिक्रा' ही त्याचीच उदाहरणे. 'बाझ' जुलै २०१२ मध्ये आणि 'कोहासा' जानेवारी २०१९ मध्ये नौदलात रीतसर दाखल झाले.

नदीकाठची गोदी

या साखळीला गार्डन रीच कसे जोडले गेले, हे समजण्यासाठी कोलकाता आणि अंदमान यांचे जुने नाते पाहावे लागते. १८५७ च्या उठावानंतर बेटांवर बंदिवसाहत उभारण्याचे ठरले, तेव्हा दोनशे बंदिवानांना घेऊन निघालेले 'सेमिरॅमिस' हे जहाज कोलकात्याहूनच सुटले आणि १० मार्च १८५८ रोजी पोर्ट ब्लेअरला पोहोचले. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनीही निर्वासिताचे जीवन गार्डन रीचलगतच्या मटियाबुर्ज येथे काढले. मराठी वाचकांना 'काळे पाणी' हा शब्द सावरकरांमुळे परिचित आहे. १९११ मध्ये त्यांना नेणारे जहाज मद्रासहून सुटले असले, तरी त्या प्रवासाची पहिली वाट हुगळीतून निघाली होती.

गार्डन रीचच्या गोदीची सुरुवात १८८४ मध्ये नदीतील जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान कारखान्याच्या रूपाने झाली. १९३४ मध्ये 'गार्डन रीच वर्कशॉप्स' ही कंपनी स्थापन झाली. १९६० मध्ये केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली आणि दुसऱ्याच वर्षी तिने 'आयएनएस अजय' ही नौका नौदलाला दिली. स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली युद्धनौका मानली जाते. १९७७ मध्ये कंपनीला सध्याचे नाव मिळाले. मार्च २०१९ मध्ये एल-५६ हे जहाज नौदलाकडे सुपूर्द झाले, तेव्हा शंभर युद्धनौका देणारी देशातील पहिली गोदी हा मान गार्डन रीचला लाभला. शंभरावे जहाज अंदमानसाठीच बांधलेले असावे, हा योगायोग त्या नात्याला साजेसा होता.

नदीकाठी जहाज बांधण्याला मर्यादा आहेत. समुद्र गाठण्यासाठी नव्या जहाजाला हुगळीच्या वळणांतून आणि वाळूच्या दांड्यांमधून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करावा लागतो. नदीची खोली भरती-ओहोटीनुसार आणि गाळानुसार सतत बदलते. त्यामुळे प्रत्येक जहाजाची हालचाल भरतीच्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. उथळ पाण्याचा हा अनुभव मात्र एका विशिष्ट प्रकारच्या जहाजासाठी उपयोगी पडला. किनाऱ्याच्या वाळूवर चढून माल उतरवणाऱ्या जहाजाला उथळ पाण्यातच आयुष्य काढायचे असते. १९८७ मध्ये नौदलात आलेले आणि मे २०२३ मध्ये निवृत्त झालेले 'आयएनएस मगर', तसेच त्यानंतरची 'शार्दूल', 'केसरी' आणि 'ऐरावत' ही रणगाडावाहू जहाजे याच गोदीत तयार झाली.

वाळूवर चढणारे जहाज

एल-५१ ते एल-५८ या जहाजांना तांत्रिक भाषेत 'लँडिंग क्राफ्ट युटिलिटी मार्क-४' म्हणतात. लांबी सुमारे ६३ मीटर, वजन ८३० टन आणि कमाल वेग ताशी १५ सागरी मैल. खलाशी व सैनिक मिळून २१६ जणांची सोय त्यात आहे. पोटात अर्जुन किंवा टी-७२ सारखे रणगाडे, चिलखती वाहने आणि मालमोटारी मावतात. स्वसंरक्षणासाठी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आहेत. दोन डिझेल इंजिने जर्मनीच्या 'एमटीयू' बनावटीची आहेत. आराखडा गोदीनेच तयार केला असून, अधिकृत माहितीनुसार जहाजातील सुमारे ९० टक्के सामग्री देशी उत्पादकांकडून आली आहे. मार्च २०१७ मध्ये एल-५१ आणि मार्च २०२१ मध्ये एल-५८ पोर्ट ब्लेअर येथे नौदलात दाखल झाले.

या जहाजाचे खरे कौशल्य किनाऱ्याला लागताना दिसते. सामान्य जहाजाचे बूड निमुळते असते. लाटा कापण्यासाठी ते सोयीचे, पण वाळूला टेकले तर जहाज कलंडते. या जहाजाचे बूड जवळजवळ सपाट ठेवले जाते, त्यामुळे ते वाळूवर स्थिर बसते. किनारा जवळ आला की पिछाडीचा नांगर खोल पाण्यात सोडला जातो आणि त्याची दोरी ढिली सोडत जहाज संथ गतीने पुढे नेले जाते. नाळ वाळूला टेकली की पुढचा दरवाजा खाली पडतो आणि त्याचाच उतार बनून वाहने थेट किनाऱ्यावर जातात. काम संपल्यावर तोच नांगर आतून ओढून घेत आणि इंजिने उलटी फिरवत जहाज स्वतःला मागे खेचून घेते.

वर्णन करताना सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात बारीक हिशेबाचे आहे. किनाऱ्याचा उतार फार कमी असेल तर जहाज दूरवरच अडकते आणि मधल्या पाण्यात वाहने बुडतात. उतार फार तीव्र असेल तर नाळ टेकते, पण पिछाडी तरंगत राहून लाटांनी आडवी होऊ लागते. ओहोटी सुरू असताना किनारा गाठला आणि माल उतरवायला वेळ लागला, तर जहाज पुढच्या भरतीपर्यंत वाळूतच अडकून पडू शकते. म्हणून पाण्याच्या टाक्या भरून-रिकाम्या करून जहाजाची पुढची-मागची पातळी सतत जुळवावी लागते. कोणत्या बेटाचा कोणता किनारा, कोणत्या महिन्यात, भरतीच्या किती वाजता वापरण्याजोगा असतो, ही माहिती या बेटांवर दारूगोळ्याइतकीच मोलाची ठरते. प्रवाळांनी वेढलेल्या निकोबारमध्ये तर असे किनारे मोजकेच आहेत.

वेगाचाही विचार करावा लागतो. श्री विजयपुरमपासून कॅम्पबेल बे पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. कमाल वेगाने सलग निघाले तरी या जहाजाला तिथे पोहोचायला १९ तासांच्या आसपास लागतात. विमान तासा-दीड तासात पोहोचते, पण ते रणगाडा किंवा रस्ता खणणारे अवजड यंत्र उतरवू शकत नाही, कारण 'बाझ'ची मूळ धावपट्टी सुमारे साडेतीन हजार फुटांचीच आहे. म्हणून सैनिक आधी हवेतून आणि जड सामग्री मागाहून समुद्रातून, असे गणित मांडावे लागते. हे दोन्ही प्रवास वेगवेगळ्या दलांच्या हातात असतील आणि त्यांचा मेळ घालणारा एकच अधिकारी नसेल, तर सैनिक एका बेटावर आणि त्यांची सामग्री दुसऱ्या बेटावर अशी अवस्था होऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये या कमांडच्या क्षेत्रात झालेल्या 'कवच' या मोठ्या सरावात लष्कर, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल यांनी हाच मेळ तपासून पाहिला.

लाटेने शिकवलेला धडा

संयुक्त कमांड तीन वर्षांची होती, तेव्हा तिच्यावर सर्वांत मोठे संकट शत्रूशिवायच कोसळले. २६ डिसेंबर २००४ च्या पहाटे सुमात्राजवळच्या समुद्रात भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटांनी निकोबार बेटे उद्ध्वस्त केली. कार निकोबारचा हवाई तळ समुद्राला खेटून होता. हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जणांचा तिथे बळी गेला. बेटांवरील मृत आणि बेपत्ता नागरिकांची संख्या हजारांत होती. इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली आणि तेथील दीपस्तंभाचा पायथा पाण्याखाली गेला.

मदतकार्यातील अडथळा नेमका तोच होता, जो युद्धातही असता. अनेक बेटांवरील धक्के मोडून पडले होते. जमीन खचल्याने किंवा उचलली गेल्याने समुद्राची खोली बदलली होती आणि जुने सागरी नकाशे विश्वासार्ह उरले नव्हते. कार निकोबारच्या धावपट्टीचा काही भाग वाचल्याने तिथे विमाने उतरू शकली. परंतु कच्छाल, नानकौडी, कामोर्टा यांसारख्या बेटांवर हेलिकॉप्टर आणि किनाऱ्याला लागू शकणाऱ्या नौका हाच आधार होता. बेटावर धक्का हे सोयीचे साधन आहे, त्याची शाश्वती मात्र नाही, ही गोष्ट त्या आठवड्यात सर्वांच्या लक्षात आली.

ही क्षमता पुढे शेजाऱ्यांच्याही कामी आली. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारला भूकंपाचा तीव्र धक्का बसला, तेव्हा भारताच्या 'ऑपरेशन ब्रह्मा' मोहिमेत अंदमान-निकोबार कमांडकडून 'आयएनएस कार्मुक' आणि एलसीयू-५२ ही दोन जहाजे मदतसामग्री घेऊन यांगूनकडे रवाना झाली. गार्डन रीचचा ठसा असलेले सपाट बुडाचे जहाज, युद्धासाठी बांधलेले असूनही, अशा वेळी सर्वांत आधी आठवते.

एक आदेश, तीन कायदे

संयुक्त कमांडची कथा केवळ यशाची नाही. अनेक वर्षे तिच्या मार्गात कायद्याचाच एक अडसर होता. लष्कराच्या जवानांना १९५० चा लष्कर कायदा, हवाई दलाला १९५० चा हवाई दल कायदा आणि नौदलाला १९५७ चा नौदल कायदा लागू असतो. संयुक्त कमांडच्या प्रमुखाला मोहिमेचे आदेश देता येत होते, पण दुसऱ्या दलातील एखाद्या जवानावर शिस्तभंगाची कारवाई करायची झाली तर त्याला त्याच्या मूळ दलाकडे परत पाठवावे लागत असे. एकाच घटनेत दोन दलांचे कर्मचारी गुंतले असतील, तर दोन चौकश्या आणि दोन कार्यवाह्या चालत. वेळ जाई आणि आदेशाचे वजनही कमी होई.

ही अडचण दूर करण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये 'आंतर-सेवा संघटना (कमांड, नियंत्रण आणि शिस्त) कायदा' मंजूर केला. १० मे २०२४ पासून तो अमलात आला. आता अशा संघटनेच्या प्रमुखाला, तो कोणत्याही दलाचा असला तरी, त्याच्या हाताखालील तिन्ही दलांच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तविषयक अधिकार वापरता येतात. प्रत्येक जवानाच्या सेवाशर्ती मात्र त्याच्या मूळ दलाच्या कायद्यानुसारच राहतात.

या बदलाचे महत्त्व बेटांपुरते मर्यादित नाही. संपूर्ण देशासाठी तिन्ही दलांच्या एकत्रित 'थिएटर कमांड' उभारण्याचा विचार गेली काही वर्षे सुरू आहे. त्या रचनेत काय अडेल आणि काय चालेल, याचा दोन दशकांहून अधिक काळाचा प्रत्यक्ष अनुभव केवळ अंदमान-निकोबार कमांडकडे आहे. साधनांची वाटणी हा त्यातील जुना प्रश्न आहे. कमांडला कायमस्वरूपी किती विमाने आणि जहाजे द्यायची, याचा निर्णय दलांच्या मुख्यालयांकडे राहतो आणि प्रत्येक दलाला आपली मोजकी साधने अन्य आघाड्यांवर हवी असतात. त्या दृष्टीने पाहता, खास या कमांडसाठीच आखलेली आणि तिच्याकडेच सोपवलेली आठ जहाजे हा अपवादात्मक निर्णय होता.

ग्रेट निकोबारचा तिढा

बेटांवरील लष्करी उपस्थिती वाढवण्याच्या चर्चेला आता आणखी एक पदर जोडला गेला आहे. ग्रेट निकोबारवर गॅलेथिया उपसागरात मालवाहतूक बंदर, नौदलाच्या नियंत्रणाखालील नागरी-लष्करी विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर असा मोठा प्रकल्प नियोजित आहे. २०२२ मध्ये त्याला पर्यावरणविषयक मंजुरी आणि वनजमिनीसाठी तत्त्वतः मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर वनक्षेत्र त्यासाठी वळवले जाणार आहे.

समर्थकांच्या मते मलाक्काच्या तोंडाशी मोठे बंदर आणि मोठी धावपट्टी असणे ही सामरिक गरज आहे. धक्का नसलेल्या बेटावर सपाट बुडाची जहाजे पाठवत राहण्यापेक्षा कायमची सोय उभारावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की शोम्पेन ही अत्यल्प संख्येची जमात आणि निकोबारी समाज यांच्या जमिनीवर याचा थेट परिणाम होईल. गॅलेथियाचा किनारा हे समुद्री कासवांतील सर्वांत मोठ्या लेदरबॅक कासवांचे अंडी घालण्याचे महत्त्वाचे ठिकाण आहे आणि २००४ मध्ये ज्या भूमीने चार मीटरहून अधिक खचून दाखवले, तिच्यावर एवढे बांधकाम कितपत सुरक्षित, हाही त्यांचा प्रश्न आहे.

या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावी लागते. बंदर उभे राहिले तरी उरलेल्या तीस वस्ती असलेल्या बेटांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांतील बहुसंख्य बेटांवर मोठे धक्के कधीच होणार नाहीत आणि होऊही नयेत. तिथला दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी आणि सीमेवरचे ठाणे, या सर्वांना किनाऱ्यावर चढू शकणाऱ्या जहाजांचीच गरज राहील.

गार्डन रीचमधील काम दरम्यान पुढे सरकले आहे. जून २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेली 'आयएनएस अर्नाळा' ही उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी युद्धनौका याच गोदीच्या प्रकल्पातील आहे. तिचे नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्यावरून ठेवण्यात आले आहे. किनाऱ्यालगतच्या बेटावर किल्ला बांधून समुद्राच्या वाटेवर पहारा ठेवण्याची जी पद्धत मराठ्यांच्या आरमाराने अवलंबिली, तिचा व्यावहारिक नियम साधा होता. बेटावरील किल्ला तेवढाच बळकट, जेवढी त्याच्याकडे जाणारी होडी खात्रीची. अंदमान-निकोबारच्या संयुक्त तळालाही हाच नियम लागू पडतो आणि त्या होड्यांपैकी आठ हुगळीच्या काठावरून गेलेल्या आहेत.